धूर नाही, वास नाही, तरी लेझर डायोड 'उडतो' कसा? हॉबी प्रोजेक्टमध्ये तो वाचवायचा कसा?

रविवारची दुपार. जुन्या बाजारातून आणलेला बंद डीव्हीडी रायटर उघडून त्यातला छोटासा लाल लेझर डायोड बाहेर काढलेला. जुन्या मोबाइल चार्जरची वायर कापून तिची दोन टोकं डायोडच्या पायांना टेकवली. क्षणभर भिंतीवर लख्ख लाल ठिपका उमटला आणि लगेच विरला. उरला तो नुसता मंद लाल उजेड. धूर नाही, वास नाही, चटकाही बसला नाही. डायोड मात्र कायमचा गेला.

निगडी, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात घरोघरी कुणी ना कुणी इलेक्ट्रॉनिक्सशी खेळत असतं. कुणी आयटीआयला असतं, कुणी डिप्लोमाचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करत असतं, तर कुणी शिफ्ट संपवून आल्यावर घरच्या घरी लाकडावर नाव कोरायचं छोटं मशीन बनवत असतं. अशा प्रोजेक्टमध्ये सगळ्यात नाजूक भाग मोटर नसतो, आर्डुइनोही नसतो. तो असतो लेझर डायोड. आणि बहुतेक वेळा तो उडतो तो खराब निघाल्यामुळे नाही, तर जोडणाऱ्याच्या हातून.

मग नेमकं होतं काय? आणि ते टाळायचं कसं?

शेजारच्या शेडमध्येही हाच डायोड

आधी एक गंमत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली १९६२ साली. त्याच वर्षी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिला लेझर डायोड चालवून दाखवला. तो द्रव नायट्रोजनच्या थंडीतच चालायचा आणि तोही अगदी छोट्या झटक्यांत. घरातल्या तापमानाला न थांबता चालणारा लेझर डायोड यायला १९७० साल उजाडलं.

या पट्ट्यातल्या लेझरच्या गोष्टीत एक मराठी मातीतला धागाही आहे. अॅक्रिलिक आणि प्लायवूड कापणाऱ्या मशीनमध्ये जो कार्बन डायऑक्साइड लेझर असतो, तो शोधला सी. कुमार एन. पटेल यांनी. त्यांचा जन्म १९३८ साली बारामतीत झाला. १९५८ साली ते पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजमधून, म्हणजे आजच्या सीओईपीमधून, पदवी घेऊन बाहेर पडले. पुढे अमेरिकेत बेल लॅब्समध्ये काम करताना १९६३-६४ च्या सुमारास त्यांनी हा लेझर तयार केला.

आता पोलादी पत्रा कापायला फायबर लेझर वापरतात. भोसरी-चाकणच्या शेडमध्ये जाड पत्रा लोण्यासारखा कापणारं मशीन पाहिलं की वाटतं, यात काहीतरी वेगळंच तंत्र असणार. पण त्या मशीनच्या पोटात काचेच्या तंतूला प्रकाश पुरवण्याचं काम लेझर डायोडच करतात. म्हणजे लाखोंच्या मशीनमधला आणि तुमच्या टेबलावरचा डायोड एकाच जातकुळीचे. फरक इतकाच, की मशीनमधल्या डायोडला त्याच्यासाठी खास बनवलेला पॉवर सप्लाय, कूलिंग आणि अर्थिंग मिळतं. टेबलावरच्या डायोडला मिळते कापलेल्या चार्जरची वायर.

एलईडी चालतो, मग लेझर डायोड का नाही?

दिसायला दोघं भाऊ वाटतात, म्हणून घोटाळा होतो. एलईडीला थोडा जास्त करंट मिळाला तर तो जास्त उजळतो, तापतो, फार तर काही दिवसांनी जातो. लेझर डायोड इतकं सहन करत नाही.

प्रत्येक लेझर डायोडची एक किमान मर्यादा असते. तिला थ्रेशोल्ड करंट म्हणतात. त्याच्या खाली तो साध्या एलईडीसारखा मंद चमकतो. त्याच्या वर गेलं की खरा लेझर सुरू होतो आणि मग प्रकाश फार वेगाने वाढतो. ५ मिलिवॉटच्या साध्या लाल डायोडमध्ये दर एका मिलिअँपिअरला अर्धा मिलिवॉट किंवा त्याहून जास्त प्रकाश वाढू शकतो. म्हणजे ठरलेल्यापेक्षा फक्त १० मिलिअँपिअर जास्त गेले, तर प्रकाश थेट दुप्पट होऊ शकतो.

दुसरी अडचण व्होल्टेजची. लाल डायोडला साधारण २ ते २.५ व्होल्ट लागतात. त्यात नुसता ०.२ व्होल्ट वाढला तरी करंट दुप्पट होऊ शकतो. वर डायोड तापला की त्याला लागणारं व्होल्टेज आणखी कमी होतं. व्होल्टेज तेवढंच ठेवलं तर करंट आपोआप वाढतो, त्यामुळे डायोड अजून तापतो, करंट अजून वाढतो.

म्हणून पहिला धडा हाच: लेझर डायोडला व्होल्टेज मोजून देऊन भागत नाही, करंट बांधून द्यावा लागतो.

स्वतःच्याच उजेडाने मरतो तो कसा?

डायोड तापून जळतो, असं बहुतेकांना वाटतं. हीट सिंक लावला की झालं, असंही वाटतं. पण अचानक उडालेल्या डायोडमध्ये बहुतेक वेळा दोषी असतो त्याचाच प्रकाश.

लेझर डायोडच्या आतल्या चिपला दोन टोकांना आरशासारखे गुळगुळीत पृष्ठभाग असतात. प्रकाश ज्या भागातून बाहेर पडतो तो इतका बारीक असतो, की त्याची उंची सुमारे १ मायक्रॉन आणि रुंदी काही मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

आता साधं गणित करा. ५ मिलिवॉट प्रकाश ३ चौरस मायक्रॉनमधून बाहेर पडतोय. ही तीव्रता होते दर चौरस सेंटिमीटरला दीड लाख वॉटहून जास्त. भर दुपारचं ऊन दर चौरस सेंटिमीटरला ०.१ वॉटच्या आसपास असतं. म्हणजे नेहमीच्या कामातही तो छोटासा आरसा आपल्या उन्हाच्या लाखो पट तीव्रता सोसत असतो.

करंट उसळला की प्रकाश उसळतो. आरशाच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म दोष तो प्रकाश शोषून घेतात आणि तापतात. तापलेला भाग आणखी प्रकाश शोषतो, आणखी तापतो आणि शेवटी वितळतो. हे सगळं सेकंदाच्या लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात आटपू शकतं.

इथेच एक मोठा गैरसमज मोडतो. साधा काचेचा फ्यूज लावून लेझर डायोड वाचत नाही. फ्यूज तापून वितळेपर्यंत डायोडचा खेळ कधीच संपलेला असतो. उसळी येऊच द्यायची नाही, हा एकच उपाय.

उसळी येते तरी कुठून?

पहिला गुन्हेगार, तुमचा हात. कोरड्या हवेत टेरिकॉटचा शर्ट घालून प्लास्टिकच्या खुर्चीतून उठलात, तरी अंगावर हजारो व्होल्टची स्थिर वीज साचू शकते. साधारण ३,००० व्होल्टच्या खालचा झटका माणसाला जाणवतही नाही. डायोडला मात्र तो पुरतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या चाचण्यांमध्ये माणसाचं शरीर म्हणजे १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि १,५०० ओहमचा रेझिस्टर असं धरतात. या हिशोबाने २,००० व्होल्ट अंगावर असताना डायोडच्या पायाला बोट लागलं, तर क्षणभर सुमारे १.३ अँपिअर वाहतो. ज्याला ३०-४० मिलिअँपिअर झेपतात, त्याच्यावर एकदम ३० पटींहून जास्त भार. तुम्हाला काहीच कळत नाही, डायोड मात्र जखमी होतो. पावसाळ्यात दमट हवेमुळे हा धोका कमी असतो. हिवाळ्यात आणि फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत तो वाढतो.

दुसरा, भरलेला कपॅसिटर. ड्रायव्हर सर्किट चालू आहे, पण त्याला डायोड जोडलेला नाही. अशा वेळी ड्रायव्हर करंट ढकलायचा प्रयत्न करतो, वाट मिळत नाही, म्हणून त्याच्या आउटपुटचं व्होल्टेज वर चढत जातं आणि तिथला कपॅसिटर पूर्ण भरतो. आता तुम्ही डायोड जोडलात, की कपॅसिटर साठवलेलं सगळं एका झटक्यात त्यात ओततो. 'ड्रायव्हर तर चांगला होता, तरी डायोड गेला' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

तिसरा, सैल जोडणी. ब्रेडबोर्डची ढिली भोकं, पिळून लावलेल्या वायरी, हलणारा पिन. संपर्क तुटतो, व्होल्टेज चढतं, संपर्क जुळतो, झटका बसतो. वरचाच प्रकार, फक्त मिनिटातून दहा वेळा.

चौथा, उलटी जोडणी. साध्या १एन४००७ डायोडला उलटं १,००० व्होल्ट चालतं. लहान लाल लेझर डायोडची उलटी मर्यादा मात्र बहुधा २ व्होल्टच असते. बॅटरी एकदा उलटी लागली, तरी संपलं.

पाचवा, घरची लाईन. औद्योगिक पट्ट्यात शेजारी वेल्डिंग मशीन, कंप्रेसर, मोठ्या मोटरी सुरू-बंद होत असतात. त्यांचे झटके लाईनवर येतात. गुरुवारच्या मेंटेनन्सनंतर लाईट येते, तेव्हाही व्होल्टेज लगेच स्थिर होईलच असं नाही. स्वस्त चार्जर यातलं सगळंच गाळून देत नाहीत. शिवाय तुमच्याच प्रोजेक्टमधली रिले किंवा मोटर बंद होताना तिच्या कॉइलमधून मोठा उलटा झटका निघतो. लेझर त्याच सप्लायवर असेल तर तो झटका त्याच्यापर्यंत पोहोचू शकतो.

मग वाचवायचं कसं?

चांगली गोष्ट ही, की यासाठी लागणारं सामान महाग नाही. पुण्यातल्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीसारख्या बाजारात ते किरकोळ किमतीत मिळतं. खरा खर्च सवयीचा आहे.

१. पाय एकत्र बांधा. डायोड हातात घेण्याआधी त्याचे सगळे पाय बारीक तांब्याच्या तारेने एकत्र गुंडाळा. सगळे पाय जोडलेले असले की त्यांच्यात व्होल्टेजचा फरक राहत नाही, मग झटका डायोडमधून जात नाही. सोल्डरिंग पूर्ण होईपर्यंत ही तार काढायची नाही.

२. स्वतःला अर्थ करा. अँटीस्टॅटिक रिस्ट बँड सगळ्यात चांगला. त्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो, त्यामुळे तो घालणारा सुरक्षित राहतो. बँडऐवजी नुसती वायर मनगटाला बांधून सॉकेटच्या अर्थमध्ये खुपसू नका. ते जिवावर बेतू शकतं. बँड नसेल तर निदान अर्थ केलेल्या धातूच्या वस्तूला हात लावून मग कामाला बसा आणि अंगावर सुती कपडे ठेवा.

३. सोल्डरिंग आयर्न तपासा. दोन पिनांच्या स्वस्त आयर्नच्या टोकावर गळतीचं व्होल्टेज असू शकतं. तीन पिनांचं, अर्थिंग असलेलं आयर्न वापरा. ते नसेल तर एक जुनी युक्ती आहे. आयर्न नीट तापवा, प्लग काढा आणि मग टाका लावा. एका पायाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लावू नका.

४. करंट बांधून देणारा ड्रायव्हर लावा. सगळ्यात सोपा ड्रायव्हर एलएम ३१७ या आयसीचा. त्याच्या आउटपुट आणि अॅडजस्ट या दोन पायांमध्ये एक रेझिस्टर लावायचा आणि अॅडजस्टच्या पायावरून पुढे डायोडला करंट द्यायचा. करंट किती, हे १.२५ भागिले रेझिस्टर या सूत्राने ठरतं. ४७ ओहम लावलात तर सुमारे २७ मिलिअँपिअर मिळतात. लहान लाल डायोडसाठी सुरुवात इथून करावी. डीव्हीडी रायटरमधला किंवा निळा डायोड वेगळा करंट मागतो, म्हणून आधी त्याची डेटाशीट पाहा.

इथे एक खाचखळगा आहे. या सर्किटला स्वतःसाठीच तीन-साडेतीन व्होल्ट लागतात. त्यामुळे मोबाइल चार्जरचे ५ व्होल्ट पुरत नाहीत, ७ ते ९ व्होल्ट लागतात. पहिल्या चाचणीला ९ व्होल्टची बॅटरी बरी, कारण तिच्यावर शेजारच्या वेल्डिंगचा परिणाम होत नाही.

करंट कमी-जास्त करायला प्रीसेट लावायचा असेल, तर त्याच्यासोबत एक ठरावीक रेझिस्टर सिरीजमध्ये हवाच. नाहीतर प्रीसेट शून्यावर गेला की करंटला आवरच राहत नाही.

५. डायोडच्या पायाशीच पहारेकरी बसवा. लेझर डायोडला समांतर, पण उलट्या दिशेने, १एन५८१९ सारखा शॉटकी डायोड लावा. बॅटरी चुकून उलटी लागली तर करंट त्या वाटेने निघून जातो. सोबत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक आणि १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर थेट लेझर डायोडच्या पायांवर सोल्डर करा. छोटे झटके ते पिऊन टाकतात.

पण कपॅसिटर तर गुन्हेगार होता ना? फरक जागेचा आहे. डायोडला कायमचा सोल्डर केलेला कपॅसिटर एकटा भरूच शकत नाही. ड्रायव्हरच्या बाजूला राहून, डायोड नसताना भरणारा कपॅसिटर धोक्याचा.

६. आधी नकली डायोडवर चाचणी. ही पायरी सगळ्यात जास्त डायोड वाचवते आणि नेमकी हीच बरेच जण टाळतात. तीन १एन४००७ डायोड एकामागोमाग जोडा. त्यांच्यावर सुमारे २.१ व्होल्ट पडतात, म्हणजे लाल लेझर डायोडच्या जवळपास. त्यांच्यासोबत १ ओहमचा रेझिस्टर लावा आणि मल्टिमीटरने त्या रेझिस्टरवरचे मिलिव्होल्ट मोजा. जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. आकडा बरोबर आला, स्विच चार-पाच वेळा चालू-बंद केला तरी बदलला नाही, तरच खरा डायोड बाहेर काढा.

७. क्रम पाळा. जोडताना आधी डायोड, मग सप्लाय. काढताना आधी सप्लाय बंद, मग कपॅसिटर रिकामा होऊ द्या, मग डायोड काढा. चालू सर्किटला डायोड कधीही जोडू नका.

८. मोटर आणि लेझरचं घर वेगळं ठेवा. एनग्रेव्हर किंवा रोबोट असेल तर मोटर, रिले आणि लेझरचे सप्लाय वेगळे ठेवा. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड लावायला विसरू नका. लेझर डायोड आर्डुइनोच्या पिनवरून थेट चालवू नका. पिनने ड्रायव्हरला फक्त चालू-बंदचा इशारा द्यायचा, करंट ड्रायव्हरने द्यायचा.

उन्हाळ्यात सेट केलेला डायोड डिसेंबरात का जातो?

तापमानाची बाजू अनेकांच्या लक्षात येत नाही. डायोड थंड असला की त्याचा थ्रेशोल्ड खाली येतो. म्हणजे तेवढ्याच करंटला तो जास्त प्रकाश देतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये, ४० अंशांच्या आसपास, करंट अगदी मर्यादेपर्यंत वाढवून ठेवला असेल, तर डिसेंबरच्या गारठ्यात १०-१२ अंशांना तोच करंट त्याच डायोडला जड जाऊ शकतो. म्हणून करंट कधीच कमाल मर्यादेला चिकटवू नये, थोडी जागा सोडावी.

काही लेझर डायोडच्या आतच प्रकाश मोजणारा फोटोडायोड असतो, तिसरा पाय त्याचा. त्याच्या मदतीने प्रकाश आपोआप स्थिर ठेवता येतो. मात्र अशा सर्किटमध्ये फोटोडायोडची वायर सुटली, तर सर्किटला वाटतं प्रकाशच नाही. मग ते करंट वाढवत सुटतं. म्हणून ती जोडणी सगळ्यात पक्की हवी.

गेलेला डायोड ओळखायचा कसा?

उडालेला लेझर डायोड बऱ्याचदा पूर्ण अंधार होत नाही, तो एलईडी होऊन बसतो. लाल चमकतो, पण लेन्समधूनही टोकदार ठिपका पडत नाही. करंट हळूहळू वाढवला तरी 'आता पेटला' असा क्षण येत नाही. यावर उपाय नाही, करंट आणखी वाढवून तो परत येत नाही.

दुसरा प्रकार जास्त फसवा. स्थिर विजेने जखमी झालेला डायोड आज चालतो, पण थोडा मंद. त्याला जास्त करंट लागतो, जास्त तापतो आणि काही दिवसांनी, नेमका प्रोजेक्ट दाखवायच्या वेळी बंद पडतो. तेव्हा दोष नशिबाला दिला जातो. चूक मात्र पंधरा दिवसांपूर्वीच्या त्या एका स्पर्शात असते.

डायोड नवा मिळतो, डोळा नाही

गणेशोत्सवाच्या मिरवणुकांमधल्या लेझरने डोळ्याच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या कोल्हापूर आणि पुण्यातून आल्या आहेत. टेबलावरचा लेझर लहान असला, तरी त्यालाही तोच नियम लागू होतो. ५ मिलिवॉटपर्यंतचा लेझरही थेट डोळ्यात घ्यायचा नाही. ५०० मिलिवॉटच्या वरचे लेझर सगळ्यात धोकादायक, म्हणजे चौथ्या वर्गात मोडतात. लाकूड कोरणारे निळे लेझर बहुधा याच वर्गातले असतात. त्यांचं चकाकत्या पृष्ठभागावरून परतलेलं किरणही घातक ठरतं.

गॉगल घ्यायचा तर तो त्याच तरंगलांबीचा हवा. निळ्या लेझरचा गॉगल लाल लेझर अडवेलच असं नाही. सीडी रायटरमधला ७८० नॅनोमीटरचा डायोड तर जवळजवळ दिसतच नाही, म्हणून तो जास्त फसवतो. आणि डायोड पेटला की नाही हे बघायला त्याच्या तोंडात डोकावायचं नाही. कागदावर किंवा भिंतीवर पडलेला ठिपका बघायचा.

इथे दोन्ही गोष्टी एकत्र येतात. करंट बांधलेला असला की डायोड वाचतोच, शिवाय प्रकाश अचानक दुप्पट होऊन कुणाच्या डोळ्यात जाण्याचा धोकाही कमी होतो. पुढच्या रविवारी नवा डायोड टेबलावर येईल, तेव्हा चार्जरची वायर बाजूला ठेवा. आधी तीन १एन४००७ आणि १ ओहमचा रेझिस्टर काढा. त्या दहा मिनिटांच्या चाचणीत चूक सापडली, तर ती फुकटात सापडते. नंतर सापडली, तर एका डायोडच्या किमतीला.